कुलूप लावून गिऱ्हाईक मिळत नाही

परवा एका परिसंवादात एका जाणत्या गृहस्थांनी निकाल देऊन टाकला. आपल्या माणसाला फुकटाची चटक आहे, त्यामुळे ‘आधी वापरा, पटलं तर पैसे पाठवा’ हा शेअरवेअरचा भाबडेपणा इथे चालायचा नाही. सॉफ्टवेअरला कुलूप हवं, परवाना कडक हवा आणि अधूनमधून छापे पडायला हवेत. साबणाची वडी उचलली तर चोरी, मग सीडीची नक्कल केली तर का नाही, असा त्यांचा सवाल. टाळ्या कडकडून पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांकडे घरच्या विंडोजची पावती आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही.

साबणाचं आधी उरकतो. वडी गेली की दुकानात एक वडी कमी होते. नक्कल केल्यावर काहीच कमी होत नाही, बुडते ती होऊ शकली असती अशी विक्री. नुकसान आहे, पण त्याचा हिशेब निराळा. राहिला कायदा. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड ही तरतूद कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीपासून आहे. तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर सीडी विकल्या जातच होत्या. पुढे तो धंदा बसला तो कायद्यामुळे नव्हे. तोच माल घरबसल्या इंटरनेटवर मिळू लागला म्हणून.

आता कुलूप. हा प्रयोग मराठीत होऊन गेला आहे, आणि तो ज्यांनी सोसला त्या डीटीपीवाल्यांना व्यासपीठावर कोणी बोलावलं नव्हतं. मराठी अक्षरजुळणीचं पॅकेज घेतलं की सोबत त्या कुलपाची किल्ली म्हणून डोंगल मिळायचा. तो प्रिंटरच्या पोर्टला लावायचा, त्याच्या मागे प्रिंटरची वायर. डोंगल हरवला, बिघडला, की रोख पैसे मोजून घेतलेलं पॅकेज बंद आणि ऐन दिवाळी अंकाच्या हंगामात कंपनीची मनधरणी सुरू. पुढे नव्या संगणकांतून ते पोर्टच गेलं. शेजारच्या गाळ्यात कुलूप फोडलेली प्रत चालवणाऱ्याला यातला एकही त्रास नव्हता. म्हणजे शिक्षा पावती घेणाऱ्यालाच.

आणि चोरी तरी का होत होती? प्रत्येक कंपनीचं अक्षरांचं सांकेतिक कोष्टक वेगळं. लेखकानं एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर प्रेसमध्ये दुसऱ्या फॉन्टात उघडला की नुसतं गिचमिड. मग लेखाच्या फ्लॉपीत फॉन्टची फाइलही गुपचूप जायची. हा माणूस फुकट्या नव्हता, त्याला स्वतःचाच मजकूर वाचायचा होता. सगळ्यांसाठी एकच कोष्टक असलेलं युनिकोड रुळल्यावर ही देवाणघेवाण कोणताही छापा न पडता ओसरत गेली. गृहस्थांनी यावर एक शब्द काढला नाही. चटकेची गोष्ट सांगायला सोपी पडते.

फुकटेपणाची हीच तक्रार पुस्तकांच्या बाबतीतही आपण किती वर्षं ऐकली! ग्रंथालयांमुळे पुस्तकं खपत नाहीत, झेरॉक्समुळे प्रकाशक बुडाले. दुकानात पुस्तक मिळतच नाही, हे कारण कुणाच्या यादीत नसायचं.

शेअरवेअर भाबडं म्हणता, तर त्याचा इतिहास तरी वाचा. १९८२मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमननं आपला ‘पीसी-टॉक’ हा प्रोग्राम खुशाल वाटा म्हणून सांगितलं आणि आवडल्यास २५ डॉलर मागितले. ‘पीसी-फाइल’ करणाऱ्या जिम नॉफनं त्या जोरावर आयबीएममधली नोकरी सोडली. बॉब वॉलेसनं तर ‘पीसी-राइट’मध्ये कमाल केली. तुम्ही वाटलेल्या प्रतीवरून कोणी नोंदणी केली की तुम्हालाच २५ डॉलर. नक्कल करणाऱ्याला त्यानं विक्रेता करून टाकलं! १९९३मध्ये ‘डूम’ या गेमचा पहिला भाग फुकट फिरला, पुढच्या भागांसाठी लोकांनी पैसे मोजले. ‘टर्बो पास्कल’ हे प्रोग्रामिंगचं पॅकेज शेअरवेअर नव्हतं, पण १९८३मध्ये ते कुलपाविना ४९.९५ डॉलरला विकलं गेलं, आणि त्याच्या परवान्याचं म्हणणं एवढंच की पुस्तकासारखं वापरा, एका वेळी एका ठिकाणी.

हे सगळे धंदे टिकले असं नाही. शेअरवेअर लिहिणाऱ्या बहुतेकांच्या हाती फारसं काही लागलं नसणार. तरीही माझा कौल तिकडेच आहे. किंमत इथल्या खिशाला परवडणारी ठेवा, मजकूर कुठेही उघडू द्या, पैसे भरायची वाट सोपी करा. मग जो देणार नाही तो कुलूप लावूनही देणार नव्हता.

आणि वाचकहो, फाइली आवळणाऱ्या ‘विनरार’ची ४० दिवसांची मुदत उलटल्यावर येणारी ती आठवणीची खिडकी वर्षानुवर्षं बंद करत बसला असाल, तर या महिन्यात पैसे भरून टाका.