पिंपातला निरो आणि वारशाच्या गप्पा

"अवंदा बोंडांक गोडसाण ना." गेली काही वर्षं एप्रिल उजाडला की हे वाक्य मी ऐकतोय. फेणीला उग्र वास आला, दोष बोंडांचा. घशात नखं लागल्यासारखी उतरली, दोष पावसाचा. दुसऱ्या दिवशी डोकं धरलं, तर दोष पिणाऱ्याचा! भट्टीवाल्याच्या मागे उन्हात उभ्या असलेल्या निळ्या प्लॅस्टिकच्या पिंपाचा दोष मात्र कधीच नसतो.

माझं भांडण त्या पिंपाशी आहे. खरं म्हणजे पिंपाशीही नाही, त्याच्या जागेशी आहे.

पूर्वी काय होतं ते आठवा. बोंडं तुडवून काढलेला रस मातीच्या मडक्यात घालायचे आणि मडकं अर्धं जमिनीत पुरलेलं असायचं. तीन दिवस रस आपोआप आंबायचा. बाहेरून किण्व घालायचं नाही, बोंडाच्या सालीवरचे यीस्टच काम करतात. आता हे मडकं पुरायचे कशाला? लवंडू नये म्हणून, असं मला एका शहाण्या माणसाने सांगितलं. हसू आलं. अहो, रस आंबताना स्वतःच तापतो! साखरेची दारू होताना उष्णता बाहेर पडते. मडकं लहान, भोवती गार माती, ती उष्णता शोषून घेते. दोनशे लिटरच्या पिंपात तीच उष्णता कोंडून राहते, आणि वरून एप्रिलचं ऊन.

बव्हेरियातल्या बिअरवाल्यांनाही हाच त्रास होता. उन्हाळ्यात बिअर बिघडते म्हणून तिथे १५५३ साली फर्मान निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायचीच नाही. पुढे १८७० च्या दशकात लिंडे यांचं थंडाई यंत्र आलं तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. त्यांना निदान हिवाळ्याची वाट बघता येत होती. आपल्याला ती सोय कुठली? बोंड पिकतं मार्च ते मेमध्ये, गळलं की दोन दिवसांत सडतं. म्हणजे ऐन उकाड्यातच आंबवायला हवं. त्यावर आपल्या माणसांनी शोधलेला तोडगा म्हणजे ते पुरलेलं मडकं. आपण ते मोडीत काढलं आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात सत्तरीतल्या एका भट्टीवर मी थर्मामीटर घेऊन गेलो. (लोक माझ्याकडे बघून हसले, हे कबूल करतो.) दुपारी पिंपातल्या रसात तो बुडवला तर पारा ४० च्या वर. इतक्या तापात यीस्ट थकतात, मरायलाही लागतात. त्याआधी घाईघाईत नको ती जड अल्कोहोलं जास्त तयार करतात. मोकळ्या तोंडाच्या पिंपात आंबट करणारे जिवाणू शिरतात आणि नेलपॉलिशसारखा वास सुटतो, तो एथिल अ‍ॅसिटेटचा.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "बाब, भट्टीत सगळें बरें जाता." होत नाही! एथिल अ‍ॅसिटेट ७७ अंशाला उकळतं आणि दारू ७८ ला. आपल्या साध्या भाणात या दोघांची ताटातूट कशी करणार? पहिली धार बाजूला काढून थोडं निघतं, पण बाकीचं हुर्राकात येतं, तिथून फेणीत आणि मग तुमच्या डोक्यात.

मडकी महाग आहेत, फुटतात, घडवणारे कुंभार उरले नाहीत, हे मला मान्य आहे. भट्टीवाल्याने तोटा सोसून संस्कृती जपावी असं मी म्हणत नाही. पिंप धुवायला सोपं आहे, तेही खरं. मग पिंपच वापरा, पण फणसाच्या सावलीत ठेवा. जांभ्यात कंबरभर खड्डा खणून त्यात उतरवा. भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. मोठ्या एका पिंपाऐवजी लहान चार घ्या. यातल्या कशाला पैसा लागतो? एक दिवसाची मजुरी आणि दोन कळशा पाणी.

राग मला येतो तो दुसऱ्यांचा. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. तेव्हापासून पणजीच्या वातानुकूलित खोल्यांत फेणीवर भाषणं होतात. बाटलीचा आकार, लेबलावरचं चित्र, कुठल्या सरबतात मिसळावी... सगळं झालं. पण रस किती अंशाला आंबतो, हे विचारणारा एकही वक्ता मी ऐकलेला नाही. वारसा म्हणजे नाव की ते मडकं का पुरत होते याचं ज्ञान? विरजण उन्हाळ्यात कुठे ठेवायचं हे आमच्या घरातल्या बायकांना न शिकवता कळतं, आणि वारसा मिरवणाऱ्यांना कळत नाही!

असो. त्या सत्तरीतल्या भट्टीवाल्याने या मे महिन्यात दोन पिंपं खड्ड्यात उतरवली. माझ्या म्हणण्यावरून नाही, असं तो आवर्जून सांगतो. वर उन्हात ठेवलेलं तिसरं पिंप त्याने गावातल्या लग्नाला दिलं. खड्ड्यातली फेणी घरात ठेवली आहे.