कपाट शाबूत, किल्ली हरवली

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरावा, डबे घासावेत, जुन्या वह्यांवरची धूळ झटकावी, ही आपल्याकडची रीत. अलीकडे ह्या आवराआवरीत संगणकाचीही भर पडली आहे. २०२५ साली तर ती पडावयाचे कारणच घडले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला, म्हणजे वसुबारसेला अवघे तीन दिवस उरले असताना, मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' ची नेहमीची देखभाल थांबवली. 'ऑफिस २०१६' आणि 'ऑफिस २०१९' ह्यांच्याही देखभालीचा तोच शेवटचा दिवस होता. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. पण चोरवाटा बुजवणाऱ्या दुरुस्त्या यापुढे मिळणार नाहीत म्हटल्यावर पुष्कळांनी 'विंडोज ११' घेतले. ज्यांचे यंत्र त्याला पुरेसे नव्हते त्यांनी यंत्रच बदलले.

अशा बदलानंतर जी तारांबळ उडते ती साताऱ्याच्या सदाशिव पेठेत काय किंवा सांगलीच्या गावभागात काय, सारखीच असते. गृहनिर्माण सोसायटीचे चिटणीस जुने इतिवृत्त उघडतात, तो मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची भेळ! हळदीच्या अडतीवर हिशेबाचा जुना कार्यक्रम उघडतच नाही. वडिलांनी निवृत्तीनंतर दोन वर्षे खपून टंकलेल्या आठवणी मुलीला वाचता येत नाहीत. आणि मग घरातले कोणीतरी जाणते माणूस निकाल देऊन मोकळे होते, "गेले सगळे!"

वाचकहो, ह्या सदरात आज एवढेच सांगावयाचे आहे की, बहुतेक वेळा काहीही गेलेले नसते. कपाट जागेवर असते, आतले कागद जागेवर असतात, फक्त किल्ली हरवलेली असते. खरे नुकसान होते ते किल्ली शोधण्याऐवजी आपण घाईघाईने कुलूप फोडू लागतो तेव्हा.

आकृती आणि आकडा

ही किल्ली कोणती, ते समजून घेण्यासाठी सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे उदाहरण पाहू. तेथून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले आणि पुढे ते 'किर्लोस्कर' नावाने घरोघर पोचले. त्याचा एखादा जुना अंक कोणाच्या माळ्यावर सापडला, तर आजही तो वाचता येतो. छापखाना बदलला, खिळे वितळले, तरी अंकाला त्याचे सुखदुःख नाही. कारण कागदावर अक्षराची आकृतीच उमटलेली असते.

संगणकाचे तसे नाही. तो आकृती साठवीत नाही, आकडा साठवतो. आणि त्या आकड्याला कोणती आकृती द्यावयाची हे फॉन्टला विचारतो. पूर्वी संगणकाला फक्त इंग्रजी अक्षरांचे आकडे ठाऊक होते. तेव्हा आपल्या हुशार मंडळींनी युक्ती काढली: आकडे इंग्रजीचे राहू द्यावेत, वर चित्रे मराठीची चिकटवावीत. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांची घडण ह्या युक्तीवर झाली. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिले की संगणकात साठतात ती जे, के आणि ई ही तीन लहान इंग्रजी अक्षरे, म्हणजे १०६, १०७ आणि १०१ हे आकडे. फॉन्ट हजर असेल तोवर राम दिसतो. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की रामाचा वनवास सुरू!

युनिकोड पद्धतीने ही अडचण मुळातच सोडवली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तीत देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले: र म्हणजे २३५२, काना म्हणजे २३६६, म म्हणजे २३५०. हे आकडे जगात दुसऱ्या कोणत्याही अक्षराचे नाहीत. त्यामुळे फॉन्ट बदलला तरी फार तर अक्षराचे वळण बदलते. राम रामच राहतो.

बिघाड नेमका कोठे?

सगळेच दुखणे फॉन्टचे नसते. म्हणून आधी परीक्षा, मग औषध.

अक्षरे बिघडली पण कार्यक्रम चालतो आहे, असे असेल तर जुना फॉन्ट पुन्हा बसवावा. येथे एक बारीक खोच आहे. २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून विंडोज नवा फॉन्ट फक्त त्या वेळी बसलेल्या माणसापुरता बसवते, आणि काही जुन्या कार्यक्रमांना तो दिसत नाही. म्हणून फॉन्टच्या फाइलवर उजवी कळ दाबून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' निवडावे.

वर्ड किंवा एक्सेल उघडता उघडता मिटत असेल, तर कंट्रोल कळ दाबून धरून ते उघडावे. म्हणजे ते 'सेफ मोड'मध्ये उघडते. तसे नीट चालले तर दोष मूळ कार्यक्रमाचा नसून त्याला चिकटवलेल्या एखाद्या जोडकार्यक्रमाचा असण्याचा संभव मोठा. तो बंद करावा. तरीही भागले नाही तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ऑफिसची आधी 'क्विक रिपेअर' आणि मग 'ऑनलाइन रिपेअर' करावी. ह्यात तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही.

जुने मराठी पॅकेज 'लॉक सापडत नाही' म्हणून अडून बसले, तर त्याच्याबरोबर आलेल्या अंगठ्याएवढ्या हार्डवेअर लॉककडे पाहावे. लॉक बहुधा ठीक असते; त्याची ओळख करून देणारा ड्रायव्हर जुना असतो आणि नवे विंडोज त्याला दारात उभे करीत नाही. नवा ड्रायव्हर पॅकेजवाल्याकडूनच मागवावा.

डॉसच्या काळातला हिशेबाचा कार्यक्रम असेल, तर त्याला मात्र औषध थोडे. तो सोळा बिटांचा असतो. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांचे आहे आणि चौसष्ट बिटांचे विंडोज सोळा बिटांचा कार्यक्रम चालवीत नाही. 'डॉसबॉक्स'सारख्या साधनाने त्याला आतल्या आत जुन्या काळाचा देखावा उभा करून देता येतो. पण तो आसरा हिशेब बाहेर काढून घेण्यापुरता समजावा, कायमच्या बिऱ्हाडासाठी नव्हे.

छपाई अडली, तर बिचाऱ्या प्रिंटरला बोल लावू नये. २०२१ च्या जुलैपासून मायक्रोसॉफ्टने छपाईच्या व्यवस्थेतले एक मोठे भगदाड बुजवावयास घेतले आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर चारचौघांत मिळून वापरलेले कितीतरी प्रिंटर रुसले होते. अशा वेळी कचेरीतल्या सर्व यंत्रांवर सारख्याच दुरुस्त्या बसल्या आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

पहिल्या तासाची पथ्ये

पहिले पथ्य: बिघडलेली फाइल 'सेव्ह' करू नये. आधी तिची प्रत काढावी आणि प्रयोग प्रतीवर करावेत. जुन्या फॉन्टच्या मजकुरावर वर्डचा 'ऑटोकरेक्ट' मोठे उपद्व्याप करतो. त्याला एकटे लहान आय दिसले की इंग्रजीचे व्याकरण आठवते आणि तो ते मोठे करतो. कृतिदेवमध्ये लहान आय म्हणजे 'प' आणि मोठे आय म्हणजे अर्धा 'प'. झाले! यंत्राने शुद्धलेखन सुधारले आणि आपले बिघडले. तेव्हा ही सोय आधी बंद करावी.

दुसरे: पडद्यावर जो संदेश येतो तो अक्षरशः लिहून घ्यावा, नाहीतर फोनने त्याचे छायाचित्र काढावे. "काहीतरी इंग्रजीत आले होते" एवढ्यावर कोणताही वैद्य नाडी पाहू शकत नाही.

तिसरे: बदल कोणता झाला ते पाहावे. सेटिंग्जमध्ये 'अपडेट हिस्टरी' असते. तीत कालपरवाची दुरुस्ती दिसली तर बहुतेक वेळा ती काढून टाकता येते. विंडोजची आवृत्तीच बदलली असेल, तर सहसा दहा दिवसांपर्यंत 'गो बॅक' म्हणून मागे फिरता येते. मात्र हा उतारा तात्पुरता. दुरुस्त्या कायमच्या बंद ठेवणे म्हणजे पाऊस आत येतो म्हणून खिडकी उपटून टाकण्यासारखे आहे. शिवाय अपडेट नेहमी वैरीच असते असेही नाही. रुपयाचे चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले आणि विंडोज ७ वर ते २०११ साली एका अपडेटनेच आले.

चौथे: अनोळखी माणसाने फोन करून "तुमचा संगणक दुरुस्त करतो, मला आतून प्रवेश द्या" म्हटले, तर फोन ठेवून द्यावा. घराची खरी किल्ली आपण अशी देतो का?

जुने नव्यात आणताना

आता मुख्य काम. फॉन्ट पुन्हा बसवून आजचे भागेल, पण पुढच्या बदलाला तोच खेळ होईल. म्हणून जपण्याजोगा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा. त्यासाठी परिवर्तक मिळतात. मात्र जमिनीचे, पैशाचे किंवा सभासदांचे कागद भलत्या संकेतस्थळावर चढवू नयेत. आपल्याच यंत्रावर चालणारे साधन वापरावे.

परिवर्तकावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये हा क्रम उलटा. मराठीचा खास 'ऱ्या' तर भल्याभल्या साधनांना चकवतो. परीक्षेसाठी एक सोपे वाक्य देतो: "साताऱ्याहून किर्लोस्करवाडीला गेलो." ह्यात 'ऱ्या' आहे, पहिली वेलांटी आहे, रफार आहे आणि जोडाक्षरही आहे. जुन्या फॉन्टमध्ये हे वाक्य लिहून परिवर्तकात घालावे. ते धडधाकट बाहेर आले, तर गाडी बरीचशी रुळावर आहे असे समजावे. मग मूळ मजकुराची दहा पाने शेजारी ठेवून ताडून पाहावीत. आकडे आणि नावे तर एकूणएक तपासावीत.

आणि जुने यंत्र अजून चालू असेल, तर त्याला भंगारात घालण्यापूर्वी एक काम अवश्य करून घ्यावे. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीची पीडीएफ काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. पीडीएफ हा संगणकातला कागदच म्हणा ना. तीत फॉन्ट बरोबर बांधून जातो आणि आकृती टिकते. जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येणार नाही, पण वाचता नक्की येईल, आणि परिवर्तकाची चूक पकडावयास हाच अस्सल नमुना हाताशी राहील.

शेवटचे सांगणे कृष्णाकाठच्या लोकांस वेगळे सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीने पाहिला आहे. पाणी घरात शिरते तेव्हा टेबलावरचा संगणक आणि त्याच्याच खणात ठेवलेली त्याची प्रत एकदमच भिजतात. म्हणून एक प्रत सांगलीत असेल तर दुसरी साताऱ्याच्या भावाकडे असावी, आणि त्याची आपल्याकडे. भाऊबीजेला जाल तेव्हा ओवाळणीच्या ताटाबरोबर ही छोटी डबी हातात द्यावी. वर्षाकाठी एकदा अदलाबदल झाली तरी पुष्कळ झाले.

लक्ष्मीपूजनाला हल्ली वहीच्या शेजारी संगणकालाही हळदकुंकू वाहतात. चांगलेच आहे. पण फूल वाहण्यापूर्वी सर्वांत जुनी मराठी फाइल एकदा उघडून पाहा. ती वाचता आली, तर आजच तिची पीडीएफ काढा. नाही वाचता आली, तर घाबरू नका, 'सेव्ह' करू नका, आणि ती कोणत्या फॉन्टमध्ये लिहिली होती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. फॉन्टचे नाव कित्येकदा त्यांनाच आठवत असते, आणि ते विचारावयास उशीर करू नये.