परीक्षा चिमुरड्यांची, कसोटी घराची

एप्रिल महिना उजाडला की प्राथमिक शाळांच्या परीक्षांचे वेळापत्रक लागते आणि नोकरदार घरांतील नेहमीचा दिनक्रम कोलमडतो. दूरदर्शन संच बंद होतो, पाहुण्यांना आडून सुचविले जाते, आईचा रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर जातो, आणि सात-आठ वर्षांच्या मुलाभोवती वडीलधाऱ्यांचा पहारा बसतो. अंबरनाथच्या शिवमंदिर परिसरात, उल्हासनगरच्या कॅम्पांत आणि बदलापूरच्या नव्या वसाहतींत हे दृश्य घरोघर दिसते. मुलांच्या शिक्षणाविषयी पालकांना एवढी आस्था वाटावी, ही समाधानाचीच गोष्ट आहे. परंतु आस्थेची धास्ती झाली, तर ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो त्याचेच नुकसान होते. तेव्हा या आठवड्यात घराने नेमके काय करावे आणि काय टाळावे, याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे.

पहिला प्रश्न असा की, ही परीक्षा असते तरी कशाची? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. मूल्यमापन असे असावे की, मुलाला भीती, दडपण आणि चिंता यांपासून मुक्त ठेवता यावे, अशी अपेक्षा या कायद्यातच नमूद आहे. त्याला अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. त्यात पहिली-दुसरीसाठी वर्गातील दैनंदिन कामाला, म्हणजे आकारिक मूल्यमापनाला, ७० टक्के आणि सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाला ३० टक्के भारांश ठरविण्यात आला. तिसरी-चौथीसाठी हेच प्रमाण ६० आणि ४० असे ठेवण्यात आले. या हिशेबाचा अर्थ पालकांनी नीट ध्यानात घ्यावयास हवा. दुसरीतले मूल सत्राअखेरचा पेपर लिहावयास बसते, तेव्हा शंभरातील सत्तर गुणांचा निवाडा वर्गात आधीच झालेला असतो. त्या मुलाने वर्षभर गोष्ट सांगितली, चित्र काढले, पाढे म्हटले, मातीचे आकार केले. त्यातून ते सत्तर गुण तयार झाले. उरलेल्या तिसासाठी त्याची झोप उडवावी आणि घरात रडारड व्हावी, हे कोणत्या अंकगणितात बसते?

शिवाय इतक्या लहान वयातील परीक्षा ही मुलापेक्षा शाळेची आणि शिकविण्याच्या पद्धतीची असते. वर्गातील चाळीसांपैकी पंचवीस मुलांना हातच्याची वजाबाकी येत नसेल, तर दोष पंचवीस मुलांचा नाही. ती वजाबाकी पुन्हा शिकविली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या काळी हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील निकालावर अवलंबून ठेवले. निरीक्षक यावयाचे, मुलांचे वाचन, लेखन आणि हिशेब तपासावयाचे आणि त्यावर शाळेला पैसे मिळावयाचे. मुंबई इलाख्यातही ही पद्धत आली. शाळा तपासण्यासाठी काढलेल्या या युक्तीचे ओझे अखेर मुलांच्याच डोक्यावर पडले आणि घोकंपट्टी बोकाळली. मॅथ्यू आर्नल्ड हा कवी व टीकाकार स्वतः शाळांचा निरीक्षक होता. त्याने या पद्धतीवर कडक टीका केली. अखेर इंग्लंडने ती सोडून दिली. परंतु तिने मागे ठेवलेली भीती पिढ्यान्‌पिढ्या झिरपत राहिली.

आपल्याकडे त्या भीतीला आणखी एक आधार होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होणाऱ्याला एके काळी मास्तरकी किंवा तलाठ्याची जागा मिळू शकत असे. पुढे हे स्थान मॅट्रिकने आणि नंतर दहावी-बारावीने घेतले. या परीक्षांवर खरोखरच भाकरी अवलंबून होती. ज्या घरात पहिला मॅट्रिक झाला त्या घराचे नशीब पालटले, हे महाराष्ट्रातील हजारो कुटुंबांनी अनुभवले आहे. साहजिकच परीक्षा या शब्दाचा धाक आपल्या मनात खोलवर रुजलेला आहे. मात्र आज पालक जी भीती मुलाच्या अंगावर घालतात ती मुलाच्या परीक्षेची नसते; ती त्यांच्या स्वतःच्या दहावीची असते. बापाच्या मॅट्रिकची भीती मुलाच्या दुसरीला लावणे हा अन्याय आहे.

पाचवीचा प्रश्न थोडा निराळा आहे, हे मान्य केले पाहिजे. मूळ कायद्यात आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवता येत नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची तरतूद केली, आणि महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ती अमलात आली. त्यामुळे 'नापास' हा शब्द पुन्हा घराघरांत ऐकू येऊ लागला. परंतु या तरतुदीचा पुढचा भाग पालकांना बहुधा कोणी सांगत नाही. पाचवीत अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन देणे बंधनकारक आहे, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्याची फेरपरीक्षा व्हावयाची असते, आणि प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत त्याला शाळेतून काढून टाकता येत नाही. म्हणजे कायद्याने धमकी दिलेली नाही. त्याने मदतीचे वेळापत्रक आखून दिले आहे. 'नापास झालास तर शाळेतून काढतील' असे सांगून मुलाला अभ्यासाला बसविणारे पालक अजाणता खोटे बोलत असतात. शाळांनी या तरतुदी साध्या मराठीत, आणि उल्हासनगरसारख्या ठिकाणी हिंदी व सिंधीतही, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लिहून ठेवाव्यात.

आता या पट्ट्याची खास अडचण पाहू. अंबरनाथ स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६० किलोमीटर आणि बदलापूर ६८ किलोमीटर आहे. मुंबईत कारकुनी करणारा येथील माणूस पहाटे डबा घेऊन निघतो आणि घरी परततो तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. गाडी चुकली किंवा कल्याणला खोळंबली, तर रात्रीचे नऊ सहज वाजतात. परीक्षेच्या आठवड्यात अनेक घरांतील अभ्यास त्यानंतर सुरू होतो. एकीकडे दिवसभराच्या गर्दीने शिणलेला बाप किंवा आई, दुसरीकडे डोळ्यांवर पेंग आलेले मूल, आणि मध्ये गणिताची वही. अशा वेळी एक चुकलेली बेरीज थपडेला कारण होते. ती थप्पड बेरजेसाठी नसते. ती लोकलच्या दाराशी लोंबकळत काढलेल्या दिवसाची असते. मुलाला मात्र वाटते की आपण वाईट आहोत, आणि गणित हा आपला शत्रू आहे. हा समज एकदा दृढ झाला की तो आठवीपर्यंत, कधी जन्मभर, जात नाही.

औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांची आणि घरातच शिवणयंत्र चालविणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी नाही. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात आणखी एक न्यूनगंड असतो. मुलाला इंग्रजी माध्यमात घातलेले असते आणि पुस्तकातील भाषा आईवडिलांना वाचता येत नाही. 'आम्हांला काय कळते, शिकवणीवालेच बघतील,' असे म्हणून ते बाजूला होतात. या पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलाने आज काय वाचले ते आपल्या घरच्या भाषेत आईला समजावून सांगणे, यासारखी दुसरी उजळणी नाही. समजावता येते तेव्हा समजलेले असते. त्यासाठी आईला इंग्रजी येण्याची गरज नाही. दहा मिनिटे ऐकण्याची तयारी पुरेशी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत संसार थाटले आणि १९४९ साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नवी भाषा, नवा मुलूख आणि डोक्यावर धड छप्पर नाही, अशा स्थितीत त्या पिढीने मुलांना शिकविले. त्यांपैकी कितीजणांना मुलांची क्रमिक पुस्तके वाचता येत होती?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. मुलांचे इतके लाड केले तर ती शिकतील कशी? स्पर्धेचे दिवस आहेत. आज सवय लागली नाही तर उद्या टिकाव कसा लागणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'असर' या पाहणीचे २०२४ चे निष्कर्ष पाहिले तर देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही, असे दिसते. मुलांना आले पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. किंबहुना गरीब घरातील मुलाला वाचन-गणित पक्के आल्यावाचून दुसरा आधारच नसतो. परंतु ही उणीव पाच वर्षांत साचलेली असते. ती पाच रात्रींच्या जागरणाने भरून निघेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ज्या पालकाला मुलाच्या वाचनाची खरी काळजी आहे, त्याने जूनपासून रोज पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसावे. एप्रिलमधील आठवडा पेरणीचा नसतो. उभे पीक तुडवले जाणार नाही, एवढीच काळजी त्या आठवड्यात घ्यावयाची असते.

ही काळजी कशी घ्यावी, याचे उत्तर साधे आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तासांची झोप लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसा शिकलेले झोपेतच स्मरणात पक्के बसते. म्हणून रात्री नऊनंतर पुस्तक मिटावे, मग धडा राहिला तरी चालेल. दप्तर, पट्टी, टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि पाण्याची बाटली रात्रीच भरून ठेवावी. सकाळची निम्मी आदळआपट त्याने वाचते. नेहमीची न्याहारी द्यावी, उपाशीपोटी पाठवू नये. संध्याकाळी तासभर खेळू द्यावे. पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच प्रश्नपत्रिका घेऊन उभे करू नये. झालेल्या पेपरची चिरफाड उद्याच्या पेपरला उपयोगी पडत नाही. शेजारच्या मुलाचे गुण विचारणे तर कटाक्षाने टाळावे. सबंध आठवड्याची रजा काढून मुलाच्या डोक्यावर बसण्यापेक्षा, साहेबांना विनंती करून चार दिवस एक गाडी आधी पकडता आली, तर ते अधिक हिताचे आहे. कचेऱ्यांनी आणि कारखान्यांनीही ही विनंती उदारपणे मानावी. या सगळ्याचा भार एकट्या आईवर टाकण्याची आपली रीत आहे, तीही सोडली पाहिजे. घरात महाविद्यालयात जाणारे दादा-ताई असतील तर त्यांनी संध्याकाळचा अर्धा तास धाकट्यासाठी काढावा. धाकटे भावंड त्यांचे ऐकते.

परीक्षेच्या सकाळी पुष्कळ पालक मुलाला देवदर्शनाला नेतात. वालधुनीकाठच्या, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेल्या त्या प्राचीन शिवालयात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेल्यावर मुलाचे मन निवांत होत असेल, तर उत्तमच. परंतु त्याच्या गुणांसाठी त्याच्यादेखत नवस बोलू नये. देवाला दिलेल्या शब्दाचे ओझेही मग त्या पोरालाच वाहावे लागते.

शाळांची आणि शासनाची जबाबदारीही कमी नाही. २०२५ साली पहिली ते नववीच्या परीक्षांसाठी राज्यभर एकच वेळापत्रक लावण्यात आले आणि ८ ते २५ एप्रिल असे दिवस ठरले. भर उन्हात लहान मुलांना पेपरांना बसवावे काय, आणि १ मेच्या निकालापूर्वी शेकडो उत्तरपत्रिका तपासून प्रगतिपत्रके कशी भरावीत, असा सवाल शिक्षक-पालकांनी तेव्हा विचारला. तो रास्त होता. वेळापत्रक आखणाऱ्यांनी मार्चअखेरच्या तुलनेने सुसह्य दिवसांचा विचार करावा. शिक्षकांनी वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवू नयेत, आणि प्रगतिपत्रकात 'अजून प्रयत्न हवा' एवढेच न लिहिता कशात प्रयत्न हवा हे लिहावे. खासगी शिकवणीवर्गांनी परीक्षेच्या आठवड्यात स्वतःच्या सराव चाचण्या बंद ठेवाव्यात.

हे विचार परदेशातून आणावे लागत नाहीत. जुन्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे गेली पाहिजे, या विचाराने त्यांनी अंगणात आणि गुरांच्या कुरणात शाळा भरविल्या. ज्या जिल्ह्याने हा प्रयोग पाहिला, त्याच जिल्ह्यात आज आठ वर्षांचे मूल पेपरच्या भीतीने तापाने फणफणावे, हे भूषणावह नाही.

प्राथमिक शाळेतील गुणपत्रिका चार वर्षांनी कोणी विचारीत नाही. त्या आठवड्यात घरी आपल्याशी कसे वागले, हे मात्र मूल विसरत नाही. चुकले तरी घरात आपल्याला जागा आहे, हा विश्वास घेऊन जे मूल पाचवीतून सहावीत जाते, ते पुढे दहावीलाही धीराने सामोरे जाते. तो विश्वास कोणत्याही शिकवणीवर्गात मिळत नाही. तो देण्याचे काम घराचे आहे, आणि यंदाच्या परीक्षेत घराने त्यात उत्तीर्ण व्हावे.