ओटा

परवा आमच्या चिरंजीवांनी मला एका शहराचा कारभारी केले. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा फिनलंडच्या मंडळींनी २०१५ साली काढलेला संगणकावरचा खेळ. हिंगोलीत हळदीच्या हंगामात लागणारी वाहनांची रांग मी वर्षानुवर्षे पाहिलेली. तेव्हा मोठ्या ऐटीत कारभार हाती घेतला.

चौकात गाड्या तुंबल्या. मी रस्ता रुंद केला. कडेची घरे क्षणात नाहीशी झाली आणि घटकाभराने गाड्या पुन्हा तुंबल्या!

चिरंजीव अभियांत्रिकीचे विद्यार्थी. म्हणाले, “बाबा, ब्राएस नावाच्या जर्मन गणितज्ञाने १९६८ सालीच दाखवून दिलंय, नव्या रस्त्याने कधी कधी सगळ्यांनाच उशीर होतो. जो तो त्याच सोयीच्या वाटेने निघतो ना!”

“आणि त्या घरांतली माणसं?”

“खेळ आहे, बाबा! जातात कुठंतरी.”

मला हसू आले नाही. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचा ओटा गेला. त्या ओट्यावर माझे वडील संध्याकाळी बसत. पुढे ते माजघरात बसू लागले आणि आल्यागेल्याशी त्यांचे बोलणेच संपले. गाड्या अजून तिथेच अडकतात.

दिवाळीच्या पणत्या आम्ही आता उंबऱ्यावरच ठेवतो.