चार बायका, एक कोठडी

बाईच्या साक्षीची किंमत किती? आम्ही पडलो कारकून माणसे, दिवसभर आकड्यांत असतो, म्हणून पाकिस्तानातला एक हिशेब आमच्या डोक्यातून जात नाही. १९८४ साली तिथे साक्षीचा नवा कायदा आला. देण्याघेण्याचा लेखी व्यवहार असेल तर साक्षीदार दोन पुरुष हवेत. दुसरा पुरुष नसेल तर त्याच्या जागी दोन बायका. म्हणजे बाई कागदावर अर्धी.

दुखणे त्याच्याही आधीचे. जनरल झिया उल हक यांनी १९७७ साली सत्ता बळकावली आणि १९७९ साली धर्माच्या नावाने हुदूद वटहुकूम काढले. बलात्काऱ्याला सर्वांत कडक शिक्षा द्यायची तर चार सज्जन मुसलमान पुरुषांनी तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेला हवा. उभे राहून बघणारे ते सज्जन कसले, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नसावा. एका आंधळ्या गरीब मुलीवर अत्याचार झाला, तिला दिवस गेले. १९८३ साली खालच्या कोर्टाने आरोपींना पुराव्याअभावी सोडले आणि तिच्या गरोदरपणालाच गुन्ह्याचा पुरावा धरून तिला तीन वर्षे कैद नि पंधरा फटके सुनावले. ओरड झाली तेव्हा वरच्या शरियत कोर्टाने तिला मोकळे केले.

(बाईच्या साक्षीला कमी लेखणारे वचन मनुस्मृतीतही आहे. तेव्हा शेजाऱ्याकडे बघून नाक मुरडायला नको.)

याविरुद्ध पहिल्यांदा उभ्या राहिल्या त्या तिथल्याच मुसलमान बायका. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी लाहोरला त्यांनी मोर्चा काढला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. कवी हबीब जालिब यांनीही त्या दिवशी मार खाल्ला. त्या काळी तुरुंग पाहिलेल्यांत मदीहा गौहर ही नाटकवाली बाई होती. पुढच्याच वर्षी तिने ‘अजोका’ ही नाटकमंडळी उभी केली. अजोका म्हणजे पंजाबीत ‘आजचे’. लष्करी अमलात असल्या नाटकाला थिएटर कोण देणार? पहिला खेळ झाला तो तिच्या आईच्या घरच्या अंगणात. नाटक कलकत्त्याच्या बादल सरकारांचे, ‘जुलूस’. पडदा नाही, रोषणाई नाही, प्रेक्षक भोवती बसलेले. आपल्याकडे जलसे पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळे सांगायला नको.

पण आमच्या मते अजोकाचे खरे नाटक म्हणजे १९८७ चे ‘बरी’. बरी म्हणजे निर्दोष सुटलेली. लिहिले शाहिद नदीम यांनी. तेही राजकीय कैदी म्हणून आत जाऊन आलेले. तुरुंगाच्या एका कोठडीत चार बायका. एक शिकलेली, सरकारविरुद्ध उभी राहिली म्हणून धरलेली. एक नवऱ्याच्या खुनाखाली आत आलेली; तिचे लग्न तिच्या मनाविरुद्ध लावलेले. एक मरियम, दर्ग्यावर गाणारी, नाचणारी फकिरीण. लोकांच्या लेखी वेडी. शिकलेल्या बाईला आधी वाटते, आपण लढा देऊन इथे आलो, ह्या आपल्या गुन्ह्यामुळे. एकेकीची कहाणी ऐकता ऐकता तिला उमगते की बाहेर यांना कोणी विचारलेच नव्हते. मरियमला तुरुंगातच दिवस जातात. राखणदारच असे निघाले, आणि कायद्याच्या चष्म्यातून बघाल तर पुन्हा दोषी तीच!

नाटकात भाषणे थोडी. बायका भांडतात, गातात, एकमेकींना सांभाळतात. कामाला जाणाऱ्या आमच्या भगिनींना ती कोठडी परकी वाटणार नाही. सार्वजनिक नळावर असेच तर चालते.

झिया १९८८ साली विमान अपघातात गेले, कायदा मात्र राहिला. २००६ साली कुठे बलात्काराचा गुन्हा पुन्हा साध्या दंडविधानात आला आणि चार साक्षीदारांची अट तिथे सुटली. साक्षीच्या कायद्यातली ती बेरीज तेव्हाही पुसली नाही. २००७ साली अजोकाने ‘बुर्कावगांझा’ केले. त्यात बायकाच नव्हे तर पुरुष पात्रेही बुरख्यात! आम्हाला ही कल्पना फार आवडली. धर्माच्या ठेकेदारांना सोसली नाही, आणि सरकारने नाटकावर बंदी घातली. तेव्हा लष्करशहाची जागा दुसऱ्या जनरलने घेतली होती, आणि तो स्वतःला सुधारक म्हणवत होता.

मदीहा २०१८ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मंडळी आता नदीम चालवतात.