बेटावरची बैठक

बीदर जिल्ह्यातील ठाणाकुशनूर हे मराठी-कानडीच्या शिवेवरचे गाव. तेथे मी मुलांना गाणे शिकवितो. गेल्या फाल्गुनात चार शिष्यांना घेऊन राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, श्रीरंगपट्टणजवळच्या रंगनतिट्टू पक्षी अभयारण्यात गेलो. कावेरीच्या पात्रातील ही सहा लहान बेटे. सारा पसारा सुमारे ४० एकरांचा. सतराव्या शतकात म्हैसूरच्या राजाने नदीला बांध घातला, त्यातून ती झाली. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी दरबाराला पटविले आणि १९४० साली या बेटांना अभय मिळाले.

नाव पाण्यात लोटताच शिष्य म्हणाले, "गुरुजी, एक आलाप होऊन जाऊ द्या." मलाही मोह आवरेना. षड्ज लावला मात्र, नावाड्याने वल्हे थांबवून ओठांवर बोट ठेवले. जवळच्या खडकावरचे नदीसुरय उडून घिरट्या घालीत होते. त्यांची अंडी भर उन्हात उघडी पडली होती.

मी खजील झालो. माझे वडील दरबारी गवई. दुसऱ्याची बैठक चालू असता आपला सूर लावू नये, हा त्यांचा पहिला धडा. तो मी चाळिशी उलटल्यावर विसरलो!

मग आम्ही नुसते ऐकत राहिलो. मोठा चित्रबलाक जवळजवळ मुका. घरट्यावर चोचीची टाळी देऊन तो बोलतो. ती लय आमच्या गप्पांत ऐकू आलीच नसती.

कोणी म्हणेल, माणसे आली तरच अशा जागांविषयी आस्था वाढेल. मान्य. बेटांवर पाय ठेवण्यास बंदी आहेच. परंतु नावेतल्या आरडाओरडीला व मोबाईलवरच्या गाण्यांना कोण आवरणार? वरच्या कृष्णराजसागरातून पावसाळ्यात भारी पाणी सुटले की बेटे बुडतात. तो तडाखा टाळणे आपल्या हाती नाही. नावेतला गोंगाट टाळणे खचित आहे.

२०२२ साली रंगनतिट्टूला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. राजाश्रयाच्या आठवणी आपल्या जुन्या घराण्यांतून अजून निघतात. राजाश्रय सरला, आता लोकाश्रय उरला. आणि या बैठकीत लोकांनी द्यावयाची बिदागी म्हणजे तासाभराचे मौन. मुलाबाळांना तेथे अवश्य न्यावे. नावेत चढण्यापूर्वी एवढे मात्र त्यांना सांगावे.