जाब कुणाला विचारायचा?

माझं गाव ईट, तालुका भूम. आपल्याकडे गावाला 'कर' जोडलं की आडनाव तयार! नवगावकर, पेणकर, रोहेकर म्हटलं की कोकण आठवतं, पण ही आडनावं बेने इस्राएल ज्यूंचीही आहेत. हे लोक कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून 'शनिवार तेली'. कॉन्व्हेंटमध्ये मोझेसची गोष्ट आम्हाला तोंडपाठ होती. त्याच्या धर्माची माणसं अलिबागजवळ मराठी बोलतात, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

हे आज काढायचं कारण गाझा. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मेली. नंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझातले मृत, तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, ६० हजारांच्या वर गेले. मेसमध्ये वाद सुरू झाला की पाच मिनिटांत गाडी 'ज्यू असेच' नाहीतर 'मुसलमान असेच' इथे येते. मग अलिबागच्या सिनेगॉगमध्ये जाणाऱ्या आजोबांनी नेतान्याहूंचा हिशोब द्यायचा का?

आम्हा मराठवाड्याच्या पोरांना तरी हे कळायला हवं. रझाकारांचे जुलूम खरेच होते. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर सूड उगवला गेला तो साध्यासुध्या मुसलमानांवरही. सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, धरलं आहे. १७ सप्टेंबरच्या भाषणांत हे सहसा येत नाही.

अर्थात, जन्मामुळे जबाबदारी येत नसली तरी टाळ्या वाजवल्या की येते. इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नांवर तिथल्या धर्मगुरूंनी शंका घेतली, 'हे पक्के ज्यू का?' म्हणून. ते रस्त्यावर उतरले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांची बरोबरी मान्य केली. म्हणजे देशावर प्रेम आणि सरकारशी भांडण एकत्र जमतं की! तीच बरोबरी पॅलेस्टिनी माणसाला मिळावी, असं त्यांच्यातल्या कुणी म्हटलं तर तो गद्दार कसा?

आणि हे फक्त ज्यूंचं नाही हं. आपल्यातले कितीतरी जण एमएसला अमेरिकेत जाणार. तिथे बसून इथल्या भांडणांना घोषणा आणि डॉलर पाठवणं सोपं. दगडफेक झालीच तर ती इथल्या बाजारात होते, न्यू जर्सीत नाही. जीआरईचे शब्द पाठ करणाऱ्या सीनियर्सनी यावर काय ते पुढच्या अंकात लिहावं. मी वाचणार आहे.